यूरियाची गोणी आणि शेणखताची ट्रॉली

१८२८ साली फ्रीड्रिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत यूरिया तयार केला. तोवर समज असा होता, की असले पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच बनतात. गंमत बघा, सेंद्रिय रसायनशास्त्राची गोष्ट ज्या पदार्थापासून सुरू करतात, तोच सेंद्रिय शेतीत वर्ज्य! गोमूत्रातला यूरिया आणि कारखान्यातला यूरिया, रेणू एकच. मुळांना त्यातला फरक कळायची सोय नाही.

मग सेंद्रिय आणि रासायनिक शेतीवाल्यांचं भांडण कशाचं? विषारी फवारण्यांचं आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठं भांडण नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, हिशेबाचं आहे.

तो हिशेब मांडूनच बघू. यूरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोंच्या वर. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागणार, म्हणजे सरळ ट्रॉल्या मोजायच्या. त्यातलं सगळं नत्र पहिल्याच वर्षी पिकाला मिळतं असंही नाही. गावोगाव बैलजोड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले. आता शेणखतही विकतच आणावं लागतं. अर्थात शेणखतासोबत स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि मुख्य म्हणजे कर्ब (कार्बन) येतो, ज्यामुळे माती भुसभुशीत राहते आणि पाणी धरते. गोणीत ते नसतं.

‘पण जीवामृत आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. जीवामृत म्हणजे आंबवलेलं द्रावण: एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. यातलं सगळं नत्र जमेला धरलं तरी पाव किलोच्या आसपासच भरतं. सुरू उसाची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उसाची, शिफारस आहे हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी शंभर. तेव्हा जीवामृत हे खत नव्हे, फार तर विरजण. त्याचे पुरस्कर्तेही ते जिवाणूंसाठीच आहे असं सांगतात. पण विरजण लावायला भांड्यात आधी दूध हवं. जमिनीत कुजण्यासारखं काही नसेल, तर जिवाणूंनी खायचं काय?

श्रीलंकेने २०२१ मध्ये हा हिशेब न मांडताच रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली.

नत्र खरं तर डोक्यावरच आहे, हवेत ७८ टक्के. पण त्याच्या दोन अणूंची मिठी इतकी घट्ट, की ती सोडवायला कारखान्यात प्रचंड दाब आणि उष्णता लागते. हेच काम द्विदल पिकांच्या मुळांवरचे रायझोबियम जिवाणू गुपचूप करतात. तागाचं किंवा चवळीचं एखादं रोप माती न झटकता अलगद उपटा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी लाल रंग असला तर कारखाना चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतलंच ते द्रव्य. पांढरट किंवा हिरवट निघाली, तर कारखाना बंद. फुलोऱ्यावर आलेला ताग जमिनीत गाडायचा जुना रिवाज म्हणजे हवेतलं नत्र जमिनीच्या खात्यावर जमा करणं.

कुजण्याचंही गणित आहे. ते नीट मांडलं गेलं इंदूरमध्ये. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथल्या कंपोस्ट पद्धतीवर १९३१ मध्ये पुस्तक लिहिलं. जगभरच्या सेंद्रिय चळवळीचं एक मूळ असं माळव्यात आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब मानवतो. गव्हाच्या काडात हे प्रमाण ऐंशीच्या घरात असतं. असलं काड तसंच मातीत मिसळलं, तर जिवाणू कमी पडणारं नत्र मातीतून ओढतात आणि पीक पिवळं पडतं. ‘सेंद्रिय केलं आणि पीक बसलं’ या तक्रारीमागे कितीदा तरी हे अर्धकच्चं खत असतं.

ग्राहकांसाठी एवढंच, की पाकिटावरचा ‘सेंद्रिय’ शब्द माल कसा पिकवला ते सांगतो. फवारणीचे अंश अशा मालात सहसा कमी सापडतात, हे खरं. पण मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं, आणि त्यातलं तांबं मातीत साठत जातं.

माझ्या ओळखीचे एक ऊसवाले काका पूर्वी तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवून द्यायचे. आता ते सरीत पसरतात, वर थोडा यूरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकतात. यूरिया आला की सेंद्रियचा दाखला गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ‘पाचटाला नत्र कमी पडतंय, तर द्यायला नको?’ एवढं म्हणून त्यांनी काठीने पाचटाचा थर उचलून दाखवला. खाली बुरशीचे पांढरे धागे पसरले होते, दोन गांडुळं चटकन आत शिरली, आणि भर एप्रिलात माती ओली होती.