ताशी ३८० आणि ताशी ३२०: प्रेक्षकाला फरक कळतो का?

अमेरिकेत टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहराजवळ ‘सर्किट ऑफ द अमेरिकाज’ नावाचा साडेपाच किलोमीटरचा ट्रॅक आहे. तीन वेगळ्या जातींच्या गाड्या त्यावर धावल्या आहेत, त्यामुळे एक तुलना आपल्याला आयती मिळते. २०१९ साली फॉर्म्युला वनच्या सर्वांत वेगवान गाडीने पात्रता फेरीत हा ट्रॅक १ मिनिट ३२ सेकंदांत पार केला. त्याच वर्षी इंडीकार या अमेरिकी मालिकेतल्या गाडीला १ मिनिट ४६ सेकंद लागले. २०२१ मध्ये नॅसकार या दुसऱ्या अमेरिकी मालिकेची गाडी, म्हणजे स्टॉक कार, तिथे पहिल्यांदा उतरली, तिला जवळजवळ २ मिनिटं १३ सेकंद लागले. एका फेरीत चाळीस सेकंदांचा फरक!

पहिल्या दोन गाड्या उघड्या चाकांच्या. चाकं अंगाबाहेर, पुढेमागे पंख, वजन साधारण पाऊण टन. तिसरी दिसायला घरगुती गाडीसारखी, चाकं पत्र्याखाली झाकलेली आणि वजन जवळजवळ दीड टन. तरीही अमेरिकेत टीव्हीवर मोटारींच्या शर्यती पाहणाऱ्यांत सर्वांत मोठा वर्ग वर्षानुवर्षं या सर्वांत संथ गाडीचा राहिला आहे. मे महिन्यातली इंडीकारची ‘इंडियानापोलिस ५००’ ही शर्यत हा मोठा अपवाद. त्या एका दिवशी ट्रॅकवर तीन लाखांहून जास्त माणसं जमतात. पण उरलेल्या हंगामात इंडीकार मागेच असते.

माझं म्हणणं असं की ठरावीक मर्यादेपलीकडचा वेग माणसाच्या डोळ्यांना मोजताच येत नाही. डोळ्यांना दिसतो तो दोन गाड्यांमधला फरक.

डेक्कन क्वीनच्या खिडकीतून पाहताना रुळांजवळचे खांब सपासप मागे जातात आणि लांबचे डोंगर मात्र रेंगाळतात. गाडीचा वेग एकच, पण डोळा किलोमीटर मोजत नाही, कोन मोजतो. एखादी वस्तू सेकंदाला किती अंश सरकली, एवढंच त्याला कळतं. आता ट्रॅकपासून ४० मीटरवर बसलेला प्रेक्षक घ्या. समोरून ताशी ३८० किलोमीटरने जाणारी गाडी त्याच्या नजरेसमोर सेकंदाला सुमारे १५० अंश सरकते, ताशी ३२० ची गाडी सुमारे १२५ अंश. आपली नजर एखाद्या हलत्या वस्तूचा सलग पाठलाग सेकंदाला साधारण ३० अंशांपर्यंत सहज करते. १०० अंशांच्या पुढे ती मागेच पडते. म्हणजे या दोन्ही गाड्या डोळ्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. त्यांतली कुठली जास्त वेगवान होती, हे दोन वेगळ्या रविवारी बघून सांगणं जवळपास अशक्य आहे.

टीव्हीवर तर हा प्रश्नच उरत नाही. कॅमेरा गाडीबरोबर फिरतो, त्यामुळे गाडी पडद्याच्या मधोमध जवळपास स्थिर असते. लांब पल्ल्याची लेन्स अंतरं दाबून टाकते. वेग कोपऱ्यातल्या आकड्यात तेवढा उरतो.

कान मात्र डोळ्यापेक्षा चांगला साक्षीदार आहे. जवळ येणाऱ्या गाडीच्या आवाजाची पट्टी चढते, लांब जाताना उतरते. हा डॉप्लर परिणाम. ताशी ३८० ला चढ्या आणि उतरत्या वारंवारतेचं गुणोत्तर सुमारे १.८९ येतं, ताशी ३२० ला सुमारे १.७०. गाणं शिकलेल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. पहिलं शुद्ध निषादाच्या अगदी जवळ आहे, दुसरं शुद्ध धैवताच्या. वेगवान गाडी समोरून जाताना निषादावरून षड्जावर येते, संथ गाडी धैवतावरून. तयार कानाला हा फरक कळेल, आणि स्टेडियममध्ये बसून शर्यत पाहण्याचा अर्धा आनंद यातच आहे असं मला वाटतं. पण त्यासाठी तिथे जावं लागतं.

मग घरी बसलेल्याला काय दिसतं? एक गाडी दुसरीला गाठते, ते. दोघींच्या वेगात ताशी पाच किलोमीटरचा फरक असेल तर पाच मीटर लांबीची गाडी पूर्ण बाजूने निघून जायला सुमारे सात सेकंद लागतात. हे नाट्य डोळा आरामात टिपतो. ते घडू द्यायचं की नाही, हे बहुतांशी हवा ठरवते.

वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याच्याशी झगडायला लागणारी शक्ती आठपट. स्टॉक कार बोजड, तिच्यामागे कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो. त्यात शिरलेल्या गाडीला कमी विरोध सोसावा लागतो. १९६० च्या नॅसकारच्या डेटोना ५०० शर्यतीत चालक ज्युनियर जॉन्सनच्या लक्षात आलं की आपली गाडी एकटी धावताना कमी पडते, पण वेगवान गाडीच्या शेपटाला चिकटून राहिली की तिच्याबरोबर टिकते. ती शर्यत त्याने जिंकली. या युक्तीचं, म्हणजे ड्राफ्टिंगचं श्रेय तेव्हापासून त्याच्या नावावर आहे.

उघड्या चाकांच्या गाडीलाही सरळ रस्त्यावर हा फायदा मिळतो, पण वळणावर तिचं नुकसान होतं. तिची पकड पंखांनी निर्माण केलेल्या, खाली दाबणाऱ्या बलावर उभी असते, आणि पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत ते बल गळून पडतं. फॉर्म्युला वनने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२१ च्या गाड्या पुढच्या गाडीमागे २० मीटरवर असताना सुमारे ३५ टक्के बल गमावत, १० मीटरवर निम्म्याच्या जवळ. २०२२ च्या नव्या रचनेत १० मीटरवरचं नुकसान १८ टक्क्यांपर्यंत आणण्याचं उद्दिष्ट होतं. शिवाय पकड जितकी जास्त, तितकं ब्रेक लावण्याचं अंतर कमी, आणि पुढे निघायची संधी नेमकी त्याच अंतरात असते. वेगवान गाडी बनवणारे अभियंते अशा रीतीने नकळत शर्यतीतली चुरस कमी करत जातात. त्यातच उघडी चाकं एकमेकांत अडकली तर गाडी हवेत उडू शकते, म्हणून चालक अंतर राखतात. पत्र्याआड चाकं असलेला नॅसकारवाला बिनधास्त घासून जातो.

वेग कमी केला तर काय होतं, याचा १९८७ साली एक प्रयोगच घडला. अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच शर्यतीत टायर फुटून बॉबी ॲलिसनची गाडी उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरच्या कुंपणावर आदळली. काही प्रेक्षक जखमी झाले. पुढच्या वर्षापासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनात जाणारी हवा रोखणारी, चार भोकांची धातूची पट्टी सक्तीची झाली. वेग उतरला, एलियटचा विक्रम गोठला. प्रेक्षक पळाले का? उलट नॅसकारचं सुवर्णयुग त्यानंतरचं आहे. २०११ मध्ये याच ट्रॅकवर एका शर्यतीत आघाडी ८८ वेळा बदलली आणि जिमी जॉन्सन ०.००२ सेकंदाने जिंकला. न्यायाने हेही सांगायला हवं की पट्टी येण्याआधी, १९८४ सालीही तिथे ७५ वेळा आघाडी बदलली होती. गाड्यांची गर्दी जमवण्याचं मूळ काम हवेचंच. पट्टीने ती आणखी दाट केली, आणि एकाच वेळी वीस-वीस गाड्यांचे अपघातही आणले. ही किंमत मला अजून जास्त वाटते.

उलटा प्रयोग कार्ट मालिकेने केला. उघड्या चाकांची ही अमेरिकी मालिका. २००० साली कॅलिफोर्नियातल्या फोंटाना ट्रॅकवर जिल द फेरानने सरासरी ताशी २४१.४ मैलांची, म्हणजे ३८८ किलोमीटरची फेरी मारली. पुढच्या वर्षी टेक्सासमधल्या दुसऱ्या एका ट्रॅकच्या तीव्र उताराच्या वळणांवर सरावात बहुतेक चालकांना गरगरू लागलं, कारण वळणांत शरीरावर पाच जीपर्यंत, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपटीपर्यंत बल येत होतं. डॉक्टरांचा सल्ला ऐकून शर्यत सुरू होण्याच्या दोन तास आधी रद्द केली गेली. तो निर्णय योग्यच होता. २००३ अखेर ही कंपनी दिवाळखोरीत निघाली.

ती वेगामुळे बुडाली असं मात्र म्हणता येणार नाही. १९९६ मध्ये उघड्या चाकांच्या अमेरिकी शर्यती दोन भांडणाऱ्या मालिकांत फुटल्या होत्या आणि सर्वांत मोठी शर्यत, इंडियानापोलिस, दुसऱ्या गटाकडे होती. चाहत्याला कोणाला पाहावं हेच कळेना. २००८ मध्ये दोघी एकत्र आल्या, तोवर नॅसकार बरीच पुढे गेली होती. पण तिचीही प्रेक्षकसंख्या त्याच सुमारास, वेगात काही मोठा बदल नसताना, घसरू लागली. लोक माणसांसाठीही पाहतात. २०१० मध्ये आपल्या नारायण कार्तिकेयनने नॅसकारच्या ट्रक मालिकेत मोजक्या शर्यती केल्या, एकही जिंकली नाही, तरी चाहत्यांच्या मतदानात तो त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय चालक ठरला.

इंडियानापोलिसचा फेरीचा विक्रम फुटीच्याच वर्षी, १९९६ मध्ये आरी लायंडाइकने केला: ताशी २३७.५ मैल. तो अजून मोडलेला नाही, कारण त्यानंतर नियमांनी वेगाला सतत लगाम घातला. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं जोसेफ न्यूगार्डनने तिथे अगदी शेवटच्या फेरीत आघाडी हिसकावून शर्यत जिंकली. २०२५ मध्ये तिथल्या गॅलऱ्यांची सगळी तिकिटं विकली गेली.