छेद नेमका कुठे घ्यायचा? आंतोनी दे जिंबर्नात यांचं उत्तर

जांघेत सुपारीएवढी गाठ येते. ती दुखते, दाबली तरी आत जात नाही. मग उलट्या सुरू होतात, पोट फुगतं. जांघेतल्या एका अरुंद वाटेने पोटातलं आतडं मांडीकडे सरकतं, त्याला फीमोरल हर्निया म्हणतात; तिथे आतडं अडकलं की असं होतं. वेळेवर सोडवलं नाही, तर रक्तपुरवठा तुटून ते सडू लागतं. हा हर्निया पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त आढळतो. त्यांचं कटीर, म्हणजे कमरेच्या हाडांचा सांगाडा, रुंद असतं, शिवाय गरोदरपणात तिथल्या भागावर ताण येतो. अठराव्या शतकात भूल देण्याची सोय नव्हती, जंतुसंसर्ग का होतो हेही कळलेलं नव्हतं. तरीही आतड्याला बसलेला फास सैल करायला शल्यवैद्याला छेद घ्यावाच लागे. तो चुकीच्या जागी गेला, तर रक्तस्रावानेच रुग्ण दगावे.

तो कुठे घ्यावा, हे स्पेनच्या आंतोनी दे जिंबर्नात यांनी सांगितलं. १७३४ साली कातालोनियातल्या कांब्रिल्समध्ये त्यांचा जन्म झाला. नौदलासाठी शल्यवैद्य तयार करणाऱ्या कादिसच्या कॉलेजात पेद्रो विर्जिली यांच्या हाताखाली ते शिकले. त्या काळी विद्यापीठातले वैद्य लॅटिन ग्रंथांत रमत आणि सुरी चालवणं हे हलकं काम समजत. पुस्तक वाचणारा वेगळा आणि कापणारा वेगळा, ही विभागणी मोडायला विर्जिलींनी आयुष्य वेचलं. बार्सिलोनातही त्यांनी असंच कॉलेज उभं केलं आणि जिंबर्नात तिथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथलं गोल विच्छेदनगृह आजही उभं आहे. मधोमध संगमरवरी टेबल, तेही फिरवता येणारं, म्हणजे चहूबाजूंना बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणालाच मान वाकडी करावी लागू नये. शिकवण्याबद्दलची ही आस्था मला फार मोलाची वाटते.

आता जांघेतल्या त्या वाटेकडे पाहू. ती अगदी अरुंद असते. समोरून जांघेचा आडवा अस्थिबंध (हाडांना बांधणारा चिवट पट्टा), मागे कटीराचं हाड, बाहेरच्या बाजूला मांडीची मोठी शीर. शिरेकडे सुरी नेणं म्हणजे मरणच. शल्यवैद्य समोरचा आडवा अस्थिबंध कापत, पण तिथून पोटाच्या भिंतीची धमनी जाते आणि पुरुषांत वृषणाकडे जाणारी रज्जूही जवळच असते. उरली आतली बाजू. शवविच्छेदन करताना जिंबर्नात यांना दिसलं की तिथे आडव्या अस्थिबंधाचाच एक छोटा, अर्धचंद्राकृती पडदा हाडाला घट्ट चिकटलेला असतो. आतड्याला काचते ती बहुधा त्याचीच धारदार कड. तेवढी कापली की फास सुटतो.

राजा तिसरा कार्लोस याने त्यांना पॅरिस, लंडन, एडिंबरोला अभ्यासासाठी पाठवलं होतं. लंडनमध्ये १७७७ साली जॉन हंटर यांचं हर्नियावरचं व्याख्यान संपल्यावर जिंबर्नात यांनी परवानगी मागितली आणि तिथल्या तिथे आपली पद्धत करून दाखवली. हंटर यांनी ती सर्वांसमक्ष मान्य केली, असं जिंबर्नात यांनीच लिहून ठेवलं आहे. त्या काळचा युरोपातला अव्वल शल्यवैद्य परदेशी पाहुण्याचं म्हणणं मोकळेपणाने मान्य करतो, यात दोघांचाही मोठेपणा आहे. पुस्तक मात्र १७९३ मध्ये निघालं. दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि तो पडदा ‘जिंबर्नातचा अस्थिबंध’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

मायदेशी परतल्यावर माद्रिदमध्ये सान कार्लोस कॉलेज उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १७८७ मध्ये तिथे शिकवणी सुरू झाली. शस्त्रक्रियेबरोबर प्रसूतिशास्त्रही शिकवलं जाई. मृतदेह टिकत नसत, म्हणून शिल्पकारांकडून मेणाच्या प्रतिकृती घडवून घेतल्या. त्यांत गर्भाशयातल्या बाळाच्या निरनिराळ्या स्थिती आहेत आणि पूर्ण आकाराची एक गर्भवती स्त्रीही आहे. आडवं आलेलं बाळ कसं असतं, हे खऱ्या बाळंतिणीपाशी जाण्याआधी विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येई. यातल्या कित्येक प्रतिकृती माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाने जपून ठेवल्या आहेत.

उतारवयात जिंबर्नात यांची दृष्टी गेली. नेपोलियनने स्पेनच्या गादीवर बसवलेला त्याचा भाऊ जोसेफ बोनापार्त याच्या राजवटीत काम केल्याचा ठपकाही बसला आणि १८१६ मध्ये माद्रिदमध्ये हलाखीतच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या छेदातही एक धोका आहे. काही माणसांत एक धमनी नेहमीची वाट सोडून नेमकी त्या अर्धचंद्राकृती कडेवरून जाते. ती कापली गेली तर रक्त थांबवणं कठीण. म्हणूनच आजही तिथे सुरी लावण्याआधी शल्यचिकित्सक ती धमनी तिथे नाही ना, याची खात्री करून घेतात.