डोंबिवलीचा आकडा आणि हरवलेला आठ

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. नऊ एक ओळीने लिहा (१११११११११), त्या संख्येचा वर्ग करा, उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१! खाली जोडलेले हात आणि ‘वैदिक चमत्कार’. उत्तर बरोबर आहे. सतरा अंकी आकडा आहे हा. एवढे रुपये मुंबईच्या सव्वा कोटी लोकांत वाटले तर माणशी जवळपास शंभर कोटी येतील. वेदांचा संबंध काही मला सापडला नाही, डोंबिवलीचा मात्र पक्का आहे.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांना या जातीच्या संख्यांची कल्पना सुचली ती जी.आय.पी. (आजच्या मध्य) रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनात. स्टेशनचं तेव्हाचं नाव त्यांनी ‘डेम्लो’ असं दिलंय, म्हणून या ‘डेम्लो संख्या’. त्यांतल्या १, १२१, १२३२१ अशा चढत्या ओळीला ते ‘अद्भुत’ म्हणत. आपला आकडा त्या ओळीतला नववा.

आता खरी गंमत. १११ × १११ हा गुणाकार शाळेत मांडायचो तसा मांडा. १११ तीनदा येतो, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. उभ्या बेरजा होतात १, २, ३, २, १. नऊ एक घेतले की मधल्या घरात नऊ जमतात आणि अजूनही हातचा लागत नाही, म्हणून चढत्या-उतरत्या अंकांचा जिना शाबूत राहतो.

दहा एक घ्या. मधल्या घरात दहा: शून्य लिहा, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळून पुन्हा दहा: शून्य, हातचा एक. पुढच्या आठाचे नऊ होतात आणि हातचा तिथेच थांबतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ गायब!

तोच आठ १ ÷ ८१ मध्येही हरवतो: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… कारण १/९ म्हणजे ०.१११…, आणि १/८१ हा त्याचा वर्ग, म्हणजे न संपणाऱ्या एकांचा वर्ग. दहाचा हातचा नवात, नवाचा आठात. शिवाय १२३४५६७९ × ९ केलं की बरोबर नऊ एक परत मिळतात.

आपल्या आकड्याचे मूळ अवयव तीनच: ३ (चार वेळा), ३७ आणि ३३३६६७ (दोन-दोन वेळा). त्यामुळे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. एक ते नऊची बेरीजही ४५ येते, पण तो निव्वळ योगायोग आहे. कृपया फॉरवर्ड करू नये. गाडीला ११११ नंबर मिळावा म्हणून आरटीओत जादा पैसे मोजणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, तो ११ × १०१ आहे, मूळ संख्यासुद्धा नाही.

आणि हा जिना नवापर्यंत चढतो तो आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. आठाच्या पटीत मोजलं असतं तर सात एकांनंतरच मोडला असता. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मोजताना, तर दोन एकांपाशीच हातचा येतो: ११ × ११ = १००१ (आपले ३ × ३ = ९).