घरच्या ध्वनिमुद्रणातील खरखर आणि तिचा उगम

आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गौरी-गणपतीतील फुगड्यांची गाणी, वाडीतल्या बुवांचे भजन हे सारे आता कोकणातल्या घरात बसून, लॅपटॉपला माईक जोडून मुद्रित करता येते. मात्र ऐकायला बसल्यावर गाण्याखाली एक अखंड गुणगुण किंवा खरखर जाणवते आणि बहुतेक जण ती सॉफ्टवेअरने पुसायला घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. असा प्रत्येक आवाज आपल्या उगमाची खूण बरोबर घेऊन येतो आणि ती वाचता आली, तर दोष मुद्रणाआधीच दूर होतो. ऐंशी वर्षांच्या बाईला तीच ओवी पुन्हा त्याच सुरात म्हणायला सांगता येत नाही, म्हणून ही काळजी आधीच घ्यायला हवी.

पहिली पायरी अगदी सोपी आहे. गाण्याच्या वेळी जी उपकरणे चालू असतील ती सगळी चालू ठेवून, कोणीही न बोलता वीस सेकंद मुद्रण करावे आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये त्याचा स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या उंचीचा (हर्ट्झचा) आवाज किती आहे हे दाखवणारे चित्र, पाहावा. त्याच्या सेटिंगमध्ये विंडो साइज 8192 ठेवली, तर खालच्या पट्ट्यातील रेषा सुट्या दिसतात. 50, 100, 150 हर्ट्झवर आडव्या रेषा असतील, तर दोष विजेच्या जोडणीत आहे. उभ्या बारीक रेषा म्हणजे टकटक किंवा तडतड. आणि सगळीकडे सारखे धुके पसरलेले असेल, तर ती सळसळ आहे.

आडव्या रेषांचा त्रास सर्वांत जास्त आढळतो. आपल्याकडची वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची असते. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका खोलीतल्या प्लगला आणि ऑडिओ मिक्सर (माईकचे आवाज एकत्र करणारे यंत्र) दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावला, की दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक राहतो आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवताच गुणगुण थांबली, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत आणि शक्य तेथे बॅलन्स्ड एक्सएलआर केबल (बाहेरून शिरणारी गुणगुण रद्द करणारी तीन पिनांची माईक केबल) वापरावी. आवाज जावा म्हणून अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. उपकरणात बिघाड झाल्यास तीच पिन जीव वाचवते.

याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. लॅपटॉपच्या किंवा ऑडिओ इंटरफेसच्या (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) धातूच्या भागाला हात लावताच गुणगुण कमी होत असेल, तर अर्थिंग नसल्याचा किंवा कमकुवत असल्याचा संशय घ्यावा. दोन पिनांच्या चार्जरमधील फिल्टर कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह झिरपतो. बोटांना झिणझिण्या येतात त्या त्यामुळेच. जांभ्याच्या कातळावर पाणी टिकत नाही, आणि जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. म्हणून पावसाळ्यात स्वच्छ येणारे मुद्रण मे महिन्यात गुणगुणू लागले, तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून पाहावे आणि वायरमनकडून रोध मोजून घ्यावा.

पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या विजेत 50 हर्ट्झबरोबर 150, 250, 350 अशा विषम पटींच्या लहरी असतात. त्यावर पंखासुद्धा घुरघुरतो. पंख्याचा ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेला रेग्युलेटर विजेची लहर सेकंदाला 100 वेळा कापतो आणि त्याची चरचर माईकच्या वायरमध्ये शिरते. दोन्हींवर उपाय एकच: मुद्रणापुरता पंखा बंद ठेवून लॅपटॉप बॅटरीवर घ्यावा.

किनाऱ्यावरच्या दमटपणाचा त्रास वेगळा आहे. कंडेन्सर माईकच्या (विद्युतभारावर चालणाऱ्या नाजूक माईकच्या) कॅप्सूलवरचा, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागावरचा, विद्युतभार टिकण्यासाठी तेथील रोध गिगाओहममध्ये (अब्जावधी ओहम) असावा लागतो. ओलाव्याचा पातळ थर बसला की भार गळू लागतो आणि चटचट असा अनियमित आवाज येतो. असा माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. तापल्या उन्हात मात्र कधीही वाळवू नये. आषाढ-श्रावणात मुद्रण करायचेच असेल, तर मी साधा डायनॅमिक माईक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) पसंत करीन, कारण त्याला हा दोष नाही. खाऱ्या हवेने जॅकवर हिरवट थर चढतो, तो वेगळाच. प्लग फिरवताच खरखर बदलली, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जॅक पुसावा.

सळसळ पूर्णपणे जात नाही. प्रत्येक रोधकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन हलत असतात. जॉन्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी हा आवाज मोजला आणि त्यांचे सहकारी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले, ते 1928 साली. म्हणून गेन (माईकच्या संकेताची वाढ) वाढवत बसण्यापेक्षा माईक जवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की गाणाऱ्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. टकटक येत असेल, तर मुद्रणाच्या प्रोग्रॅममधील बफर (माहिती क्षणभर साठवण्याची जागा) 128 वरून 1024 सॅम्पल्सवर न्यावा. यूएसबी माईकमध्ये 1000 हर्ट्झची बारीक शीळ ऐकू आली, तर पोर्ट किंवा केबल बदलून पाहावी, कारण यूएसबीच्या एका प्रकारात दर मिलिसेकंदाला माहितीचा एक गठ्ठा जातो.

समुद्राची गाज आणि कौलांवरचा पाऊस यांवर मात्र वायरीत उपाय नाही. त्यांच्या लहरी गळ्याच्या लहरींवरच पसरलेल्या असतात, त्यामुळे खोली आणि वेळ निवडणे एवढेच हाती राहते. अखेरीस सॉफ्टवेअर वापरावे, पण 50, 100, 150 हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढीच लहर कापणारा फिल्टर) लावून आणि सुरुवातीच्या त्या वीस सेकंदांचा नमुना देऊन, खरखर 6 ते 10 डेसिबलने कमी करून थांबावे. त्यापुढे गेले की ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात व गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. मूळ 24 बिट फाइल मात्र न छेडता, त्या वीस सेकंदांसह, वेगळी जपून ठेवावी.