ईपीएस-९५ चं पेन्शन ५० व्या वर्षी घ्यावं, ५८ व्या की ६० व्या?

एसटी महामंडळ, वीज कंपन्या, सरकारी मालकीचे कारखाने अशा ठिकाणी आयुष्य घालवलेल्यांना दरमहा जे पेन्शन मिळतं, ते बहुतेकांच्या बाबतीत कर्मचारी पेन्शन योजना १९९५ चं, म्हणजे ईपीएस-९५ चं असतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनचे नियम याला लावू नका. इथे महागाई भत्ता नाही. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची सोय २००८ मध्येच बंद झाली. ज्या रकमेवर पेन्शन सुरू होतं, ती आपोआप वाढत नाही. त्यामुळे ते कधी सुरू करायचं, हा निर्णय शेजारचा काय म्हणतो यावर सोडण्यासारखा नाही.

आधी पात्रता. किमान १० वर्षं सेवा लागते. सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षं भरली की तुम्ही पेन्शनला पात्र. सेवा त्याहून कमी असेल तर फॉर्म १० सी भरून पैसे काढता येतात, किंवा स्कीम सर्टिफिकेट घेऊन ती सेवा पुढच्या नोकरीत जोडता येते. पुन्हा नोकरी लागण्याची थोडी जरी शक्यता असेल तर सर्टिफिकेटच घ्या. आठ वर्षांची सेवा हातातल्या थोड्या पैशांसाठी मोडली की पेन्शनचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पूर्ण पेन्शनचं वय ५८. नोकरी सुटली असेल तर ५० नंतर केव्हाही कमी दराने घेता येतं आणि ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. उलट ५८ नंतर थांबलात तर दर पूर्ण वर्षाला ४ टक्के वाढ, पण ६० पर्यंतच. ५८ पूर्ण झाल्यावर नोकरी चालू असली तरी पेन्शन सुरू करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तेव्हा मालकाचा पेन्शनकडे जाणारा ८.३३ टक्के हिस्साही तुमच्या पीएफमध्येच जमा होऊ लागतो.

रकमेचं सूत्र असं: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि त्यावर १५,००० रुपयांची मर्यादा. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला मात्र ६,५०० चीच मर्यादा लागते. म्हणजे २०१४ पूर्वी १६ आणि नंतर १२ वर्षं नोकरी झाली असेल तर १,४८६ अधिक २,५७१, मिळून सुमारे ४,०५७ रुपये. २० वर्षं किंवा त्याहून जास्त सेवा असल्यास दोन वर्षं वाढवून मिळतात, ती यात धरलेली नाहीत. ज्यांचा मर्यादेपेक्षा जादा पगारावर पेन्शनचा संयुक्त पर्याय (कर्मचारी आणि मालकाने मिळून केलेला अर्ज) मंजूर झाला आहे, त्यांची आकडेमोड वेगळी.

आता खरा प्रश्न. सोयीसाठी ५८ ला ४,००० रुपये पेन्शन बसतं असं धरू.

एक वर्ष आधी घेतलं तर ३,८४०. त्या वर्षभरात हातात आले ४६,०८०, आणि पुढे दरमहा १६० रुपये कमी. तो फरक भरून निघायला २८८ महिने, म्हणजे २४ वर्षं लागतात. वयाच्या ८२ पर्यंत आधी घेणाराच पुढे राहतो, तेही बँकेचं व्याज न धरता. एक वर्ष उशिरा घेतलं तर ४,१६०. पण सोडले ४८,००० आणि दरमहा जादा मिळाले १६०. ते वसूल व्हायला २५ वर्षं, म्हणजे वय ८४.

म्हणून निव्वळ ४ टक्क्यांच्या आशेने ५८ नंतर थांबणं बहुतेकांना परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद नोकरी चालू ठेवून ६० पर्यंत पेन्शन फंडात वर्गणीही चालू ठेवणाऱ्यांचा. १५,००० च्या मर्यादेत एका जादा वर्षाचे सूत्राने सुमारे २१४ रुपये वाढतात आणि वर ४ टक्के. बुडालेलं पेन्शन आणि पीएफऐवजी पेन्शनकडे गेलेले वर्षाचे १५,००० रुपये धरले, तरी ही रक्कम ढोबळमानाने १४ वर्षांत वसूल होते. तब्येत ठणठणीत आणि पगार चालू असेल तर हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

मग ५० लाच का घेऊ नये? हिशेब वरवर तसंच सांगतो, पण दोन गोष्टी त्यात दिसत नाहीत. कपात झालेलं पेन्शन सुरू केल्यावर पुन्हा नोकरी धरली तर त्या नोकरीची पेन्शन वर्गणी भरली जात नाही, म्हणजे सेवा तिथेच गोठते. आणि पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला त्या वेळी चालू असलेल्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, म्हणजे कपात जोडीदाराच्या वाट्यालाही येते. पत्नी दहा वर्षांनी लहान असेल आणि तिला दुसरा आधार नसेल, तर घाई करू नका. उलट नोकरी कायमची सुटली आहे, घरखर्चासाठी सावकाराचं व्याज चालू आहे, अशा माणसाने ५८ ची वाट बघत बसू नये.

अर्ज फॉर्म १० डी चा. यूएएन (पीएफ सदस्याचा कायम क्रमांक) पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, पण त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा आणि ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसांची ऑनलाइन नोंद, पूर्ण हवं. कागदी अर्ज शेवटच्या आस्थापनेमार्फत जातो. लागणारी कागदपत्रं: पती-पत्नीचा एकत्र फोटो, आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत किंवा कॅन्सल चेक, जन्मतारखेचा पुरावा, २५ वर्षांखालील मुलांचे जन्मदाखले आणि आधी घेतलं असल्यास मूळ स्कीम सर्टिफिकेट. कपातीचं पेन्शन हवं असेल तर ते कोणत्या तारखेपासून, हे फॉर्ममध्ये लिहावं लागतं. तो रकाना रिकामा सोडू नका.

अर्ज अडतो तो मात्र या यादीमुळे क्वचितच. आधारवर ‘पांडुरंग’ आणि पीएफच्या नोंदीत ‘पांडूरंग’, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आणि पोर्टलवर १ जुलै, जुन्या नोकरीची सोडल्याची तारीखच भरलेली नाही, किंवा दोन यूएएन असून सेवा जोडलेली नाही, अशा कारणांनी तो परत येतो. दुरुस्तीला आस्थापनेची सही लागली तर महिने जातात. म्हणून निवृत्तीच्या वर्षभर आधी पोर्टलवरच्या ‘सेवा इतिहास’ पानावर एकेक ओळ तपासा. सगळं बरोबर असलेला दावा २० दिवसांत निकाली काढायचा, असा नियम आहे.

जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येतं, त्यामुळे गाव बदललं तरी कागद हलवावे लागत नाहीत. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायची सक्ती नाही. वर्षात केव्हाही द्या, त्या तारखेपासून तो एक वर्ष चालतो.