लाइमच्या लांबलेल्या उपचारातला ‘हर्क्स’: पार्श्वभूमी

लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजारासाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेणाऱ्या अमेरिकी रुग्णांच्या बोलण्यात ‘हर्क्स’ हा शब्द सारखा येतो. सांधे ठणकतायत, डोकं चालत नाही, अंथरुणातून उठवत नाही, असं सगळं एकदम उफाळून आलं की ‘हर्क्स’ चाललाय म्हणायचं. म्हणजे आत जंतू मरतायत, म्हणून त्रास वाढलाय. सोसा, औषध सोडू नका. लांबलेल्या उपचाराचा वाद कळून घ्यायचा तर या शब्दापासून सुरुवात केलेली बरी.

शब्द मुळात लाइमचा नाहीच, तो सिफिलिसकडून आला. पाऱ्याचा उपचार सुरू केला की सिफिलिसचे चट्टे आधी चवताळतात, असं दोन जर्मनभाषक त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलं, एकाने १८९५ मध्ये, दुसऱ्याने १९०२ मध्ये. त्यातल्या दुसऱ्याचं आडनाव रुग्णांच्या तोंडी झिजून ‘हर्क्स’ झालं. पेनिसिलिन आल्यावरही हेच दिसलं: पहिल्या डोसनंतर काही तासांत थंडी, ताप, अंगदुखी आणि साधारण दिवसभरात उतार. लाइमचा जंतूही त्याच मळसूत्री जातकुळीतला. त्यामुळे आजार नवा असताना उपचाराच्या पहिल्या २४ तासांत साधारण सातांतल्या एका रुग्णाला हा झटका येतो. तेव्हा ‘हर्क्स’ थोतांड आहे असं कोणी म्हणू नये.

गोंधळ झाला तो मुदतीचा. एका दिवसाची गोष्ट ताणून आठवड्यांची, मग महिन्यांची झाली. बरं वाटलं तर औषध लागू पडलं, बिघडलं तर औषध जंतू मारतंय. असा हिशेब एकदा मांडला की उपचार फसला हे कधी ठरणारच नाही, आणि थांबायचं कधी हेही नाही. माझ्या मते या वादातला खरा पेच इथे आहे. बाकीची भांडणं बहुतेक त्याच्याच फांद्या.

आधीचा इतिहास थोडक्यात. १९७५ मध्ये कनेक्टिकटमधल्या लाइम आणि आसपासच्या गावांतल्या आयांनी मुलांच्या सुजलेल्या गुडघ्यांवरून आवाज उठवला. त्यांनी पिच्छा पुरवला नसता तर ते बालसंधिवाताच्या खात्यात जमा झालं असतं. १९८१ मध्ये गोचिडीच्या पोटात जंतू सापडला आणि दोन ते चार आठवड्यांचे कोर्स रूढ झाले. (गोचीड म्हटलं की आपल्याला सिंधुदुर्गातला माकडताप आठवतो. तो विषाणूचा, तिथे अँटिबायोटिकचा प्रश्नच येत नाही.)

कोर्स संपूनही काहींचा थकवा आणि दुखणं गेलं नाही. जंतू दडून बसलाय असं मानणाऱ्या डॉक्टरांनी शिरेत कायमची नळी घालून महिनोन्‌महिने औषध द्यायला सुरुवात केली. याची रीतसर परीक्षा झाली २००१ मध्ये. निम्म्या रुग्णांना ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मग ६० दिवस डॉक्सीसायक्लिन, उरलेल्यांना नुसतं खोटं औषध. फरक पडला नाही. त्याहून बोलका तपशील असा की दोन्ही गटांत साधारण तिसरा हिस्सा सुधारला आणि तिसरा हिस्सा बिघडला. म्हणजे हे दुखणं आपल्या चालीने चढत-उतरत होतं. खोट्या औषधावरही ‘हर्क्स’ येऊ शकत होता.

२००३ च्या चाचणीत थकवा काहीसा उतरला, विचारशक्ती मात्र तशीच राहिली. २००८ मध्ये दहा आठवडे शिरेतून औषध दिल्यावर स्मरणशक्ती वगैरे सुधारल्यासारखी दिसली, पण २४ व्या आठवड्यापर्यंत तो फायदा ओसरला. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये २८० जणांवर प्रयोग झाला. सगळ्यांना आधी दोन आठवड्यांचं औषध दिलं, पुढचे बारा आठवडे काहींना औषध आणि काहींना खोटं. पुन्हा फरक नाही.

दरम्यान भांडण दवाखान्यातून कोर्टकचेरीच्या वाटेला लागलं होतं. संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये लांब उपचार नकोत असं मार्गदर्शक टिपणात लिहिलं. विमा कंपन्या त्याच टिपणाकडे बोट दाखवून पैसे नाकारतात, अशी रुग्णांची तक्रार होती. कनेक्टिकटच्या सरकारी वकिलांनी थेट मक्तेदारीविरोधी कायद्याखाली चौकशी लावली. २००८ मध्ये तडजोड झाली, नवी समिती बसली आणि २०१० मध्ये तिने जुन्या शिफारशी उचलून धरल्या. पण त्याआधीच, २००९ मध्ये, त्याच राज्याने लांब कोर्स देणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा केला होता. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने विमा कंपन्यांना हा खर्च उचलायला लावला. डच निकाल आला त्याच वर्षी!

नळीची किंमत २०१७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-साप्ताहिकात छापून आली: ‘क्रॉनिक लाइम’च्या (या न हटणाऱ्या दुखण्याला रुग्णांनी दिलेलं नाव) उपचारात गंभीर जिवाणूसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची हकिगत, त्यात मृत्यूही.

एका बाबतीत मात्र लांब उपचाराची गरज खरी आहे. त्याच गोचिडीतून बाबेसिया हा परजीवी येतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो आणि तेव्हा किमान सहा आठवडे औषध चालू ठेवावं लागतं. पण तिथे परजीवी रक्तात दाखवता येतो.

कोविडनंतर बोलण्याचा सूर थोडा बदलला. संसर्ग सरूनही आजार उरतो, हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. २०२० च्या सुधारित टिपणानेही जंतू असल्याचा ठोस पुरावा नसेल तर पुन्हा अँटिबायोटिक देऊ नका असंच सांगितलं. त्यामुळे आज दुखणं उफाळलं की पहिला प्रश्न तारखेचा असायला हवा: औषधाचा पहिला डोस कधी घेतला होता? कालच घेतला असेल तर तो ‘हर्क्स’ असू शकतो. तीन महिने उलटले असतील तर झोप, थायरॉइड, औषधाचेच दुष्परिणाम आणि नळीत शिरलेला नवा जंतू, हे सगळं आधी तपासायचं.