व्हिझिर : विद्युत् मंडलांची दूरस्थ प्रयोगशाळा

विद्यार्थ्याने संगणकावर केलेली जोडणी दूरच्या प्रयोगशाळेत खऱ्या घटकांनिशी उभी करून तिचे मापन परत पाठवणारी यंत्रणा. स्वीडनमधील ब्लेकिंगे तंत्रज्ञान संस्थेत इंगवार गुस्ताव्हसन यांनी १९९९ मध्ये या कामाला सुरुवात केली. ‘व्हिझिर’ प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला.

पडद्यावर ब्रेडबोर्डचे, म्हणजे घटक खोचून मंडल जोडण्याच्या छिद्रांच्या पाटीचे, चित्र दिसते. विद्यार्थी त्यावर रोधक, संधारित्र, डायोड ठेवतो, तारा ओढतो आणि ऑसिलोस्कोपची (विद्युत् संकेताचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाची) बटणे माऊसने फिरवतो. मापनाचे बटण दाबले की जोडणीचे वर्णन सर्व्हरकडे जाते. शिक्षकाने आधी ठरवून दिलेल्या मर्यादेत ती बसते का, हे तिथे तपासले जाते. पुरवठा शॉर्ट करणारी जोडणी इथेच अडते. मग रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या) जाळ्यातून नेमके घटक एकमेकांना जोडले जातात, उपकरणे वाचन घेतात आणि जाळे पुढच्यासाठी मोकळे होते. हे सारे सेकंदाच्या अंशात उरकते. त्यामुळे एकाच संचावर अनेकजण एकाच वेळी काम करू शकतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र टेबल मिळाल्यासारखे वाटते.

सिम्युलेशनहून, म्हणजे संगणकाने केवळ सूत्रांवरून उभ्या केलेल्या आभासी प्रयोगाहून, हा प्रकार मुळातच वेगळा आहे. ५ टक्के सह्यता (छापील मूल्यापासून चालणारा फरक) असलेला १,००० ओहमचा रोधक प्रत्यक्षात ९५० ते १,०५० ओहमपर्यंत कुठेही असू शकतो. सूत्राने काढलेले उत्तर आणि मल्टिमीटरचे वाचन यांत फरक पडतो आणि तो का पडला, याचा विचार विद्यार्थ्याला करावा लागतो. प्रयोग शिकवण्याचे खरे मोल या फरकातच आहे. भारतात ‘व्हर्च्युअल लॅब’ हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो, हे बरे नव्हे. केंद्र सरकारच्या त्या नावाच्या उपक्रमात पुण्याचे सीओईपी हे अभियांत्रिकी विद्यापीठही सहभागी आहे. मात्र त्यातील बहुतेक प्रयोग सिम्युलेशनचे आहेत.

व्हिझिर पुढे बिल्बाओचे देउस्तो विद्यापीठ, माद्रिदचे मुक्त विद्यापीठ, पोर्तोची अभियांत्रिकी संस्था, तसेच आयआयटी मद्रास येथेही बसवण्यात आले.

मर्यादाही आहेत. संचात बसवलेलेच घटक वापरता येतात. रिले आणि तारांच्या अंगच्या धारितेमुळे (विद्युत् प्रभार साठवण्याच्या गुणामुळे) फार उच्च वारंवारतेची मापने बिघडतात. सैल तार बोटाने चाचपून शोधणे, कोरडा सांधा (नीट न बसलेले सोल्डरिंग) ओळखणे, संधारित्राची ध्रुवता हाताने तपासून तो बसवणे यांचा सराव इथे होत नाही. म्हणून हिला नेहमीच्या प्रयोगशाळेची जोड मानले जाते: टेबलाशी बॅचचा नंबर लागण्याआधी, किंवा प्रॅक्टिकल झाल्यावर वाचन पटले नाही तर, तीच जोडणी रात्री पुन्हा करून पाहण्यासाठी.